टाळेबंदीतला दंड: कबूल करावा, माघारीची वाट पाहावी की आव्हान द्यावे?

२०२० च्या उन्हाळ्यात घराबाहेर पडल्याबद्दल नोंदवलेला गुन्हा आज माणसासमोर उभा राहतो तो बहुधा दोन निमित्तांनी: एक तर पासपोर्टसाठी किंवा नोकरीसाठी पोलिस पडताळणी लागते तेव्हा, नाहीतर न्यायालयाचे समन्स घेऊन हवालदार दारात येतो तेव्हा. 'पाच मिनिटांचे काम आहे, कबूल करा, दंड भरा आणि मोकळे व्हा,' हा सल्ला त्या वेळी हमखास मिळतो, आणि तो देणाऱ्याचा हेतूही वाईट नसतो. मात्र त्या गुन्ह्याला कायद्याचा पाया आहे की नाही, हे पाहण्याआधी तो सल्ला मानू नये, असे माझे मत आहे.

आधी हातात कागद कोणता आहे ते पाहावे. पावती आणि प्राथमिक माहिती अहवाल, म्हणजे एफआयआर, यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. माझ्या पाकिटात अशी एक पावती अजून आहे. तिच्यावर नाव, तारीख, 'विनामास्क' हा शब्द आणि २०० रुपये एवढाच मजकूर असून, कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली पैसे घेतले यासाठी रकानाच नाही. पैसे कोणत्या कलमाखाली घेतले, हा प्रश्न कायदेशीरदृष्ट्या रास्त आहे. १८९७ च्या साथरोग कायद्याचे कलम ३ जागेवर दंड घेण्याची तरतूद करत नाही. नियम मोडणाऱ्याने तेव्हा लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खालील गुन्हा (लोकसेवकाच्या आदेशाची अवज्ञा) केला असे समजावे, एवढेच ते सांगते, आणि त्या कलमाची शिक्षा न्यायालयाने द्यायची असते. शिवाय कलम १८८ मधील दंडाची कमाल मर्यादा साध्या अवज्ञेसाठी २०० रुपये आणि मानवी जीविताला धोका पोहोचत असेल तर १,००० रुपये होती, तर राज्य सरकारच्या २७ नोव्हेंबर २०२१ च्या आदेशाने व्यक्तीसाठी ५०० आणि आस्थापनेसाठी १०,००० रुपयांपासून पुढे दंड ठरवला. हा आदेश आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा आधार घेतो, महापालिका स्वतःच्या अधिनियमाकडे बोट दाखवतात, त्यामुळे वाद एकतर्फी नाही. तरीही पावतीधारकाने व्यवहार पाहावा. २०० रुपयांच्या परताव्यासाठी रिट याचिका करणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, आणि पावतीमुळे कोणाच्या नावावर गुन्हा राहत नाही. मोठा दंड भरलेल्या दुकानदाराचे किंवा मंगल कार्यालयाचे गणित वेगळे असू शकते, परंतु इतक्या वर्षांनी याचिका केल्यास उशिराचे स्पष्टीकरण त्यालाही द्यावे लागेल.

पावतीवर गुन्ह्याचा उल्लेख नसणे ही क्षुल्लक बाब नव्हे, हे ऑस्ट्रेलियातील न्यू साऊथ वेल्स राज्याने दाखवून दिले. तेथे कोविडकाळात ६२,००० हून अधिक दंडाच्या नोटिसा निघाल्या होत्या. सिडनीतील एका कायदा सहाय्य केंद्राच्या पाठबळावर तिथल्या सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले तेव्हा, नोटिशीत गुन्ह्याचे पुरेसे वर्णन नसल्याचे सरकारच्याच वकिलांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये मान्य केले आणि ३३,१२१ दंड रद्द झाले. उरलेले २०२४ मध्ये मागे घेतले गेले. तिथली रक्कम एक हजार ते तीन हजार डॉलर असल्यामुळे लढणे परवडणारे होते. तो निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, आणि आपल्याकडची मुख्य उणीव पावतीपेक्षा खटल्याच्या दाखल होण्यात आहे.

ती उणीव अशी. कलम १८८ चा गुन्हा दखलपात्र असला, तरी तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १९५ नुसार न्यायालय त्याची दखल घेऊ शकते ती केवळ संबंधित लोकसेवकाने किंवा त्याच्या वरिष्ठाने केलेल्या लेखी तक्रारीवरून. पोलिसांच्या दोषारोपपत्रावरून नव्हे. सी. मुनिअप्पन विरुद्ध तामिळनाडू राज्य या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद अनिवार्य ठरवली. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ६० मध्येही जवळजवळ असाच अडसर आहे. ज्या प्रकरणात पोलिस ठाण्याने थेट दोषारोपपत्र पाठवले आणि आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याची तक्रार जोडलीच नाही, तिथे कलम १८८ पुरता खटला मुळातच लंगडा असतो. अशा खटल्यात कबुली देणे म्हणजे सरकारची चूक स्वतःच्या सहीने झाकणे होय.

आता पर्याय शेजारी शेजारी ठेवून पाहू. कबुलीत वेळ आणि पैसा दोन्ही कमी लागतात. राष्ट्रीय लोकअदालतीच्या सुमारास अशी किरकोळ प्रकरणे विशेष बैठकांत झटपट निकाली निघतात आणि दंडही थोडका असतो. पण कबुलीनंतरचा निकाल हा दोषसिद्धीचाच निकाल असतो, तडजोड नव्हे. त्याविरुद्ध अपील करायचे तर शिक्षेचे प्रमाण किंवा कायदेशीरपणा एवढ्यापुरतेच करता येते, आणि त्यासाठीही लहान दंडाच्या प्रकरणात वाट फारशी खुली नसते. सरकारी नोकरीच्या साक्षांकन अर्जात 'आपणास कधी शिक्षा झाली आहे काय?' या रकान्यासमोर मग 'होय' लिहावे लागते. अवतार सिंह प्रकरणात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने क्षुल्लक गुन्ह्यांकडे सौम्यपणे पाहण्याची मुभा नियुक्ती देणाऱ्याला दिली असली, तरी माहिती लपवणे मात्र अंगाशी येऊ शकते. ज्यांना आयुष्यात असा अर्ज भरायचाच नाही, अशा निवृत्त माणसासाठी कबुली चालण्यासारखी आहे. पंचविशीतल्या मुलाला मी ती सुचवणार नाही.

माघारीची वाट पाहणे हा दुसरा मार्ग. तत्कालीन गृहमंत्री दिलीप वळसे पाटील यांनी मार्च २०२२ मध्ये कलम १८८ खालील गुन्हे मागे घेण्याचा निर्णय जाहीर केला होता, म्हणून अनेकांची समजूत अशी झाली की आपला खटला आपोआप संपला. तसे होत नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२१ प्रमाणे सरकारी वकिलाने त्या त्या प्रकरणात अर्ज करावा लागतो आणि न्यायालयाची संमती मिळावी लागते. ती मिळाली तर आरोप निश्चितीआधी आरोपमुक्ती आणि नंतर निर्दोषत्व, म्हणजे कबुलीपेक्षा कितीतरी स्वच्छ शेवट. वाट पाहायला खर्च नाही. मात्र दरम्यान समन्सकडे दुर्लक्ष केले तर वॉरंट निघते. लोकसेवकावर हल्ल्याचे कलम ३५३ सोबत लागले असेल, तर या मार्गावर भिस्त ठेवू नये.

तिसरा मार्ग आव्हानाचा, आणि तो एकच नाही. उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करण्याचा अर्ज पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८२ खाली होत असे. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ५२८ लागू आहे. ऑगस्ट २०२० मध्ये औरंगाबाद खंडपीठाने अहमदनगरमधील तबलिगी प्रकरणात परदेशी नागरिकांविरुद्धचे गुन्हे रद्द केले, तेव्हा कलम १८८, २६९ आणि २७० ही सारी कलमे त्यात होती. कलम २६९ साठी संसर्ग पसरण्याचा संभव असलेली निष्काळजी कृती दाखवावी लागते, तर २७० साठी तशी कृती दुष्ट हेतूने केल्याचे. नुसते बाहेर असणे पुरेसे नाही. याउलट, देशभरातले असे सगळे गुन्हे सरसकट रद्द करा, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये फेटाळली. म्हणजे दाद मिळते ती आपापल्या प्रकरणातल्या तथ्यांवर. उच्च न्यायालयातला वकिलाचा खर्च आणि मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या फेऱ्या मात्र दंडाच्या अनेक पटींनी अधिक पडतात, त्यामुळे परदेशी नोकरीची तारीख ठरलेली असेल किंवा ३५३ सारखे कलम खोटेपणाने चिकटवले असेल, तरच मी तो मार्ग धरीन.

लोकांना कमी ठाऊक असलेली आणि मला सर्वांत पटणारी वाट दंडाधिकाऱ्याच्याच न्यायालयात आहे. दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे हे खटले समन्स खटले असतात, आणि तक्रारीवरून नव्हे तर पोलिस अहवालावरून सुरू झालेला समन्स खटला जुन्या संहितेच्या कलम २५८ खाली दंडाधिकारी मध्येच थांबवू शकतात. कलम १९५ ला हवी असलेली लेखी तक्रार नसल्याचा मुद्दा तिथेच मांडता येतो. त्यासोबत न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेण्याच्या मुदतीचाही मांडावा: कलम १८८ आणि २६९ साठी जुन्या प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ प्रमाणे मुदत एक वर्षाची आहे, २७० जोडले असेल तर तीन वर्षांची. सरकारी पक्ष कोविडमुळे १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ वगळल्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाचा आधार घेईल, आणि विलंब माफीचा अधिकारही न्यायालयाला आहे. म्हणून केवळ मुदतीवर विसंबून राहू नये. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो.

पासपोर्टबाबत एक खुलासा. पासपोर्ट कायद्याच्या कलम ६ मध्ये अडथळा सांगितला आहे तो न्यायालयात प्रलंबित असलेल्या फौजदारी कार्यवाहीचा, आणि नुसता एफआयआर म्हणजे अशी कार्यवाही नव्हे. म्हणूनच ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर आपल्या नावाने खटला क्रमांक पडला आहे का, हे पडताळणीला जाण्यापूर्वी पाहावे. क्रमांक पडला असेल, तर पहिल्या तारखेला काहीही कबूल न करता दोषारोपपत्राची प्रत आणि रोजनाम्याची, म्हणजे न्यायालयातील तारखांच्या नोंदींची, प्रमाणित नक्कल मागावी, आणि त्या कागदांत लोकसेवकाची स्वतंत्र लेखी तक्रार आहे का ते शोधावे. ती नसेल, तर त्याच तारखेला अर्ज देता येतो.