लेबर कन्सल्टंटची मासिक सेवा: चलने वेळेवर, हिशेब मात्र तपासून घ्यावा

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील आमच्या छोट्या इंजिनिअरिंग कारखान्याचे पगारपत्रक, पीएफ, ईएसआय (कामगारांचा राज्य विमा) आणि कामगार कायद्यांखालील नोंदी हे सर्व काम आम्ही एका स्थानिक लेबर कन्सल्टंटकडे माणशी मासिक दराने सोपवले आहे. त्यांचे नाव येथे देत नाही, कारण ही सेवा घेणाऱ्या इतर लघुउद्योजकांशी बोलल्यावर पुढील गुणदोष या व्यवसायात सर्रास आढळतात असे दिसले.

मुदतीच्या कामांत त्यांना नावे ठेवायला जागा नाही. पीएफ आणि ईएसआयचे चलन 15 तारखेच्या आत भरले जाते, व्यवसाय करात फेब्रुवारीचे (इतर महिन्यांपेक्षा जास्त असलेले) 300 रुपये न विसरता कापले जातात, आणि कामगार कल्याण निधीची जून व डिसेंबरची वर्गणी मागे लागावे न लागता जमा होते. किमान वेतनातील विशेष भत्ता, म्हणजे महागाईनुसार ठरणारा भाग, आपल्याकडे 1 जानेवारी आणि 1 जुलैपासून बदलतो, पण त्याचे परिपत्रक बहुधा उशिरा हाती येते. अशा वेळी मागील तारखेपासूनचा फरक ते स्वतःहून काढून पुढच्या पगारात लावतात. एवढ्या एका कामासाठीही त्यांचे शुल्क मला महाग वाटत नाही.

खटकले ते पगाराच्या रचनेबाबतचे त्यांचे मार्गदर्शन. 24,000 रुपये पगाराच्या ऑपरेटरसाठी त्यांनी जो नमुना तक्ता पाठवला, त्यात मूळ वेतन 9,000 आणि उरलेले 15,000 घरभाडे, प्रवास व तत्सम भत्त्यांत विभागलेले होते. उद्देश अर्थातच मालकाचा पीएफचा हिस्सा कमी करण्याचा. सरसकट सर्वांना मिळणारे भत्ते पीएफसाठी मूळ वेतनातच धरावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्येच सांगितले आहे. शिवाय 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार (केंद्राच्या वेतनविषयक कायद्यानुसार) वेतनाच्या व्याख्येतून वगळता येणारे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले, तर निम्म्यावरची रक्कम वेतनातच मोजली जाते. म्हणजे वरील तक्त्यातील 3,000 रुपये वेतनात परत येऊन वेतन 12,000 होते. कामगाराच्या बाजूने पाहिले तर पीएफच्या 12 टक्के दराने 9,000 वर 1,080 रुपये आणि 12,000 वर 1,440 रुपये, असा मालकाच्या हिश्श्यातच दरमहा 360 रुपयांचा फरक पडतो, आणि ग्रॅच्युइटीही त्याच प्रमाणात घटते. हे दाखवून दिल्यावर ‘सगळे असेच करतात’ एवढेच उत्तर मिळाले. कायद्याच्या सल्ल्यासाठी पैसे घेणाऱ्याने असे उत्तर देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ओव्हरटाइमचा हिशेबही असाच. दर दुप्पट लावला होता, पण तो केवळ मूळ वेतनावर. वास्तविक 1948 च्या कारखाने अधिनियमातही हा दुप्पट दर भत्त्यांसह होणाऱ्या सामान्य वेतनावर धरलेला होता. आमच्या सांगण्यावरून त्यांनी सूत्र बदलले आणि मागील फरकाचा तक्ताही विनातक्रार करून दिला, हे मान्य केले पाहिजे.

काम सोडणाऱ्याचा हिशेब पुढच्या महिन्याच्या पगाराबरोबर काढण्याची त्यांची पद्धत मात्र अजून कायम आहे. राजीनामा असो वा कामावरून कमी करणे, वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते करावे, असे संहिता सांगते. यावर ‘सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय नाही’ ही सबब पटण्यासारखी नाही. पगाराची चिठ्ठीही फक्त इंग्रजीत येते, त्यामुळे कपात कशाची झाली हे विचारायला कामगार हेल्परपासून फिटरपर्यंत आमच्याच टेबलापाशी येतात. ठेकेदारामार्फत आलेल्या कामगारांचे मस्टर (हजेरीपट) तर ते पाहतच नाहीत. ठेकेदाराने पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी आमच्यावर येते, तेव्हा ही उणीव लहान नाही.

करार आम्ही वाढवला आहे, पण पगाराच्या रचनेचा निर्णय आमचा राहील, अंतिम हिशेब दोन दिवसांत मिळेल आणि चिठ्ठी मराठीत निघेल, अशा तीन अटी लेखी घालून. नव्याने कन्सल्टंट नेमणाऱ्यांनी माणशी दर विचारण्याआधी त्यांच्याकडून एका ओव्हरटाइम केलेल्या आणि एका काम सोडलेल्या कामगाराचा नमुना हिशेब मागवून घ्यावा.