३१ भागांचं सप्तक आणि बाखचा ऑर्गन: सहा महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगतो. बाखच्या काळातलं (बरोक) ऑर्गनसंगीत संगणकावर वाजवण्यासाठी नेहमीच्या बाराऐवजी ३१ समान भागांचं सप्तक कायम ठेवण्याजोगं आहे, १९ अधूनमधून, ५३ निव्वळ हौसेपुरतं. साधनं सगळी फुकट: म्युझस्कोर (स्वरलिपी लिहायला), पायथनमधली म्युझिक२१ (स्वरलिपीवर प्रक्रिया करायला), फ्लुइडसिंथ (आवाज तयार करायला) आणि ऑर्गनचा एक साउंडफाँट (ध्वनिमुद्रित नमुन्यांचा संच).

खरी कमाई गंधारात आहे. हार्मोनियमचा गंधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो (पूर्ण सप्तक म्हणजे १२०० सेंट), तानपुऱ्यातला स्वयंभू गंधार ३८६ वर. ३१ मध्ये तो ३८७ वर बसतो. मधल्या सी-ई जोडीत नेहमीच्या ट्युनिंगला सेकंदाला दहा बीट्स (आवाजाची थरथर) ऐकू येतात, इथे दोन सेकंदांत जेमतेम एक. याची किंमत पंचम मोजतो: ५ सेंट उतरलेला, सेकंदाला दोनाहून थोडे जास्त बीट्स.

सगळी गोम स्वराच्या नावात आहे. जी शार्प आणि ए फ्लॅट इथे दोन वेगळे सूर, ३८.७ सेंटांचं अंतर. मिडी फाइलमध्ये (वाजवण्याच्या सूचनांची फाइल) दोघांचा नंबर एकच, ६८. म्हणून तयार मिडी उतरवून घेऊ नका. म्युझिकएक्सएमएल (स्वरलिपीची फाइल) घ्या, त्यात नाव टिकतं. डी शून्य धरून पंचमांची साखळी मोजायची: वर जाताना दर पायरीला बारा सुरांतल्या नेहमीच्या जागेतून ३.२३ सेंट वजा, खाली येताना तेवढेच अधिक. बेंडची (सूर वर-खाली सरकवणारी मिडी सूचना) मर्यादा दोन सेमीटोन ठेवली तर एक सेंट म्हणजे ४०.९६ एकक; जी शार्पला ७३९९, ए फ्लॅटला ८९८५.

दर नावाला स्वतंत्र चॅनल द्या आणि बेंड सुरुवातीलाच एकदा पाठवा. एकाच चॅनलवर बेंड बदलत राहिलात तर आधीच्या सुराची विरत जाणारी शेपटी मांजरासारखी घसरते. दहावा चॅनल ड्रम्सचा, तो सोडून उरतात पंधरा. डी फ्लॅटपासून डी शार्पपर्यंतची नावंही पंधराच, नशीब! पण सगळे चॅनल त्यातच संपतात, म्हणून प्रत्येक मॅन्युअल (हाताची पट्टी) आणि पेडल वेगवेगळं रेंडर करून नंतर मिसळावं लागतं, हे कंटाळवाणं आहे.

साउंडफाँट आधी तपासा. मूळ ऑर्गनचं ट्युनिंग नमुन्यांत तसंच राहिलं असेल तर आपले बेंड त्यावर चढतात आणि सगळाच विचका होतो. मिक्श्चर या एकत्र वाजणाऱ्या पाइपसंचातल्या क्विंट (पंचम देणाऱ्या) पाइपांचा पंचम शुद्ध असतो, तो वाजवलेल्या उतरत्या पंचमाशी भांडतो. १९ मध्ये जास्तच, तिथे ८ आणि ४ फुटी प्रिन्सिपलवर (ऑर्गनच्या मूळ आवाजाच्या पाइपांवर) थांबा. उलट सेस्क्वियाल्टेरा नावाच्या पाइपसंचामधला शुद्ध गंधार ३१ मध्ये इतका चपखल मिसळतो की तो वेगळा लावलाय हेच कळत नाही.

बीडब्ल्यूव्ही (बाखच्या रचनांची सूची) ५६५ च्या सुरुवातीला पेडलच्या डीवर रचला जाणारा सी शार्प, ई, जी, बी फ्लॅट ऐका. बारा सुरांत चारही अंतरं सारखी. इथे तीन ३१० सेंटांची आणि बी फ्लॅट ते सी शार्प २७१. सी शार्प कुठे झुकणार ते सुटण्याआधीच कानाला कळतं.

१९ मध्ये कोमल गंधार जवळजवळ अचूक, पण सप्तकाच्या टोकाचा निषाद षड्जापासून १२६ सेंट दूर पडतो आणि षड्जावर येणं सुस्त वाटतं. ५३ चा पंचम जवळजवळ शुद्ध, पण पंचमांच्या साखळीने येणारा गंधार ४०८ वर. ३८५ चा हवा तर कॉर्डगणिक हाताने निवडा. सी, ए मायनर, डी मायनर, जी, सी अशी एक फेरी केली की षड्ज २२.६ सेंट खाली आलेला असतो.

३१ मध्येही बारा पंचमांचं वर्तुळ मिटत नाही, ३१ पैकी एक भाग (३८.७ सेंट) कमी पडतो. बीडब्ल्यूव्ही ५९१ सारख्या भुलभुलैयात (बाखची आहे का, यावर वाद आहे) जिथे शार्पचं फ्लॅट होतं तिथे त्या एका भागाची उडी घ्यावीच लागते. ती विश्रांतीच्या जागी टाका. धरलेल्या सुरावर पडली तर पाइपात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं.