डिस्क रोटर, अकरा महिन्यांनी: आधी त्यावरची बारीक अक्षरं वाचा

गेल्या ऑक्टोबरात सिंहगड उतरताना पुढचा ब्रेक लिव्हर हँडलला टेकला. अक्षरशः टेकला, मधे बोट असतं तर चेंगरलं असतं. मागचा ब्रेक आणि बुटाचा तळवा यांच्या भरवशावर कशीबशी सायकल कठड्याला लावली. रोटरकडे, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ज्या चकतीला ब्रेक पकडतो तिच्याकडे, बघितलं तर निळसर-जांभळी छटा. घाबरून बाटलीतलं पाणी ओतलं. फोडणीत पडावं तसा चर्रकन आवाज आला आणि रोटर वाकला. (तापलेल्या रोटरवर पाणी ओतू नका. पाच-दहा मिनिटं गप्प उभं राहा, पिठलं-भाकरी खा.) उरलेला घाट सायकल हातात धरून उतरलो. वर चढणारे लोक “काका, पंक्चर का?” म्हणून विचारत होते.

सायकल साधी हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शनवाली) एमटीबी, तीन वर्षं जुनी, पुढे-मागे १६० मिमीचे सहा बोल्टवाले रोटर, तेलाचे ब्रेक. आठवड्याला एकदा सिंहगड, पावसाळ्यात ताम्हिणी, अधूनमधून मुळशीकडचे मातीचे रस्ते. माझं वजन, सायकल, पिशवी मिळून ९० किलो. सिंहगडावरून साधारण ६०० मीटर खाली यायचं म्हणजे ही सगळी ऊर्जा कुठेतरी जिरवायला हवी. हिशोब केला तर दीड लिटर पाणी उकळेल एवढी होते. थोडी वारा घेतो, बाकीची शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या दोन पातळ चकत्यांवर येते.

दुकानाचं नाव लिहीत नाही. तिथल्या दादांनी लिव्हर दोनदा दाबून निकाल दिला, “पूर्ण ब्रेक सेट बदला.” मी म्हटलं, रोटरची जाडी तरी मोजा. “रोटर कधी खराब होत नाही, लोखंड आहे ते.” अर्धा तास हुज्जत घालून शेवटी नुसतं तेल बदलून घेतलं. निघालेलं तेल काळं होतं, कारण तीन वर्षांत मी ब्लीडिंगचं (जुनं तेल काढून नवं भरण्याचं) नावही काढलं नव्हतं. म्हणजे लिव्हर टेकण्यात अर्धा दोष त्या तेलाचा, पर्यायाने माझाच. वाकलेला रोटर त्यांनी पान्ह्याने बरा सरळ केला, पण त्यासाठी तो काढताना गुळगुळीत झालेल्या टी-२५ च्या चावीने एका बोल्टचं डोकं चाटलं. त्याचे पैसे कमी करा म्हटलं तर उत्तर, “तो आधीपासूनच तसा होता.” नव्हता. त्या बोल्टवर मी अजून चिडलेलो आहे.

घरी येऊन व्हर्नियर लावला, १.७ मिमी आले. नवा रोटर १.८ चा असतो, म्हणजे दादांचंच बरोबर असं मनातल्या मनात मान्यही करून टाकलं. पुढच्या रविवारी भोसरीत लेथचं वर्कशॉप असलेल्या मित्राकडे गेलो. त्याने माझी पद्धत बघितली आणि कपाळाला हात लावला. पॅड (रोटरला चिमटीत धरणारा ब्रेकचा गुटका) जिथे घासतं तिथे रोटर खोलगट होतो, पण अगदी बाहेरच्या काठाला न घासलेला कंगोरा उरतो. व्हर्नियरचा चपटा जबडा त्या कंगोऱ्यावर बसतो आणि आपल्याला खोटं समाधान मिळतं. त्याने मायक्रोमीटर घासलेल्या पट्ट्यावर धरला. १.३८. शिमानोची मर्यादा १.५ आहे, त्याखाली गेला की बदलायचा. एसआरएएमच्या १.८५ मिमीच्या रोटरांची १.५५, मागुराचे रोटर मुळात २ मिमीचे म्हणून त्यांची १.८. हे आकडे बऱ्याचदा रोटरवरच कोरलेले असतात.

माझ्या रोटरवर मर्यादेच्या शेजारी आणखी काहीतरी कोरलेलं होतं. चिखल खरवडला, चष्मा वर केला, मोबाइलचा टॉर्च मारला. ‘रेझिन पॅड ओन्ली’. म्हणजे फक्त रेझिनचे, मऊ पॅड लावा.

त्याआधीच्या जूनमध्ये ताम्हिणीच्या दोन फेऱ्यांत मागचे रेझिन पॅड पत्र्यापर्यंत संपले होते. लाल चिखल आणि वाळू म्हणजे सँडपेपरच. दर पंधरवड्याला पाचशेची नोट कोण घालवणार? म्हणून मेटल पॅड घेतले, चारही. जास्त टिकतात, चिखलात दमत नाहीत, सगळं खरं. पण त्यातले धातूचे कण कठीण असतात आणि कंपनी स्वस्त सायकलीला जे रोटर देते त्यांचं पोलाद मऊ असतं. मऊ रोटरवर मेटल पॅड म्हणजे किसणीवर गाजर. शिवाय ते उष्णता कॅलिपरमधल्या (पॅड दाबणाऱ्या चिमट्यातल्या) तेलापर्यंत जास्त पोचवतात. पॅड मस्त टिकले. रोटर गेला. पॅडवर वाचवलेले हजारेक रुपये रोटर, तेल आणि त्या बोल्टसकट अडीच पटीने भरले. बायकोने हिशोब ऐकून घेतला आणि काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

त्या तीन शब्दांनी मला एवढं पछाडलं आहे की हल्ली पार्किंगमध्ये दिसेल त्या सायकलसमोर उकिडवा बसून रोटर वाचतो. सोसायटीच्या वॉचमनने एकदा हटकलंसुद्धा.

नवे घेतले ते शिमानोचे आरटी-६६, सहा बोल्टवाले, कारण ते दोन्ही प्रकारच्या पॅडना चालतात. सेंटरलॉकवाले भारी म्हणतात आणि बसवायला सोपे आहेतच, एक लॉकरिंग ४० न्यूटन-मीटरला आवळली की झालं. पण माझा हब सहा बोल्टचा, त्याला इलाज नाही. चाटलेला बोल्ट मित्राने ड्रिलने काढला. नवे बोल्ट चांदणीसारखे समोरासमोर थोडे थोडे आवळले, हलक्या हाताने. शिमानो यासाठी २ ते ४ न्यूटन-मीटर सांगते, म्हणजे मनगटाने, खांद्याने नाही.

मित्राच्या आग्रहाने पुढचा १८० चा घेतला, कॅलिपरखाली अ‍ॅडॉप्टर लावून. तेव्हा मला हा निव्वळ उधळेपणा वाटला होता. पहिले दोन महिने गावातल्या गावात काही फरक जाणवेना आणि तसं मी सगळ्यांना सांगतही सुटलो. ते शब्द मागे घेतो. जानेवारीत मागे पॅनिअर (सामानाच्या पिशव्या) बांधून महाबळेश्वर ते पोलादपूर आंबेनळी घाट उतरलो, चाळीसेक किलोमीटर, आणि लिव्हर शेवटपर्यंत पहिल्या वळणावर होता तिथेच राहिला. व्यास वाढला की तेवढ्याच दाबात साधारण साडेबारा टक्के जास्त पकड मिळते, आणि लोखंड जास्त म्हणून तापायलाही वेळ लागतो. बोटं दुखली नाहीत, मला एवढंच कळतं. फक्त घेण्याआधी फोर्कला जास्तीत जास्त किती मिमीचा रोटर चालतो ते बघा, तेही बारीक अक्षरातच असतं.

ग्रॅव्हलवाल्या (खडीच्या रस्त्याची सायकल चालवणाऱ्या) मित्राने हे ऐकून लगेच १८० मागवला. त्याचा फ्लॅट माउंट फोर्क १६० पर्यंतचाच निघाला, रोटर परत गेला. त्याला १६०-१६० पुरतो, वजन नव्वदीत असूनही, फक्त लांब उतारावर सतत ब्रेक घासत न येता वळणाआधी जोरात दाबून सोडायचा. रोडबाइकवाला कोथरूडकर पुढे १६०, मागे १४० वर खूश आहे आणि त्याचा मागचा रोटर ताटलीत हरवलेल्या पापडासारखा दिसतो. त्याच्याकडे पोलादाच्या दोन थरांमध्ये अ‍ॅल्युमिनियम असलेले, पंख्यासारखी पाती काढलेले महागडे रोटर आहेत. उष्णता लवकर टाकतात हे खरं, पण घासून संपायची मर्यादा त्यांनाही तीच १.५. रोड रेसिंगमध्ये डिस्कला कायमची परवानगी मिळाली ती थेट जुलै २०१८ मध्ये. रोटरने पाय कापेल या भीतीपायी तोवर बराच गोंधळ चालला होता आणि त्यातूनच कडा गोलसर करण्याची अट आली. हे सगळं तो दर चहाला सांगतो.

पॅडबद्दलही मत बदललं आहे. आता रोटर परवानगी देतो तरी मेटल पॅड फक्त मागे, फक्त जून ते सप्टेंबर. पुढे वर्षभर रेझिन. ओल्या रस्त्यावर मेटलवाला ब्रेक असा किंचाळतो की ताम्हिणीतली माकडं रस्ता सोडतात. थंडीत मागे परत रेझिन चढवताना रोटर आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसायचा आणि रिकाम्या रस्त्यावर वीस-पंचवीस वेळा वेग घेऊन जवळजवळ थांबेपर्यंत दाबायचा. मी हे पहिल्यांदा गाळलं होतं, तीन दिवस ब्रेक लागतोय की नाही कळत नव्हतं. आणि चेनवर स्प्रे मारताना मागच्या रोटरवर फडकं टाका. का, ते विचारू नका.

काल भोसरीला जाऊन मोजलं. पुढचा १.७५, मागचा एक पावसाळा मेटल खाऊन १.६६. अजून एक पावसाळा निघेल. त्यानंतर मागचा एकटाच बदलेन, जोडीने नाही. मित्राने यावेळी मायक्रोमीटरचं भाडं म्हणून वडापाव मागितला, दोन दिले.