जळगाव-धुळ्यात इलेक्ट्रिक घ्यावी की सीएनजी, आणि ‘स्वतः चालणाऱ्या’ गाडीचे जादा पैसे मोजावेत का?

शोरूममध्ये रेंज विचारली जाते, रंग विचारला जातो, एक्स्चेंजला जुन्या गाडीचे किती येतील हेही विचारले जाते. घरच्या अर्थिंगचे नाव मात्र कोणी काढत नाही. खान्देशात इलेक्ट्रिक गाडी परवडेल की डोक्याला ताप होईल, ते निम्म्याहून जास्त तिथेच ठरते.

आधी पैसे. महिन्याला 1,200 किलोमीटर फिरणे धरू, म्हणजे रोज जळगाव-भुसावळ ये-जा करणाऱ्याइतके. पेट्रोल 105 रुपये लिटर, सीएनजी 90 रुपये किलो आणि घरची वीज सगळे आकार धरून 15 रुपये युनिट धरली आहे. तुमचे दर वेगळे असतील तर आकडे बदलून घ्या.

| इंधन | सरासरी | महिन्याचा खर्च |
|---|---|---|
| पेट्रोल | लिटरला 15 किमी | 8,400 |
| सीएनजी | किलोला 24 किमी | 4,500 |
| घरी चार्जिंग | युनिटला 6 किमी | 3,000 |
| बाहेर फास्ट चार्जिंग, 22 रुपये युनिट | युनिटला 6 किमी | 4,400 |

पेट्रोलसमोर इलेक्ट्रिक वर्षाला सुमारे 65,000 रुपये वाचवते. गाडी तीन लाखांनी महाग पडली तरी साडेचार-पाच वर्षांत पैसे फिटतात. महिन्याला 500 किलोमीटरच फिरणे असेल, तर तेच फिटायला अकरा वर्षे लागतात. सीएनजीसमोर चित्र आणखी फिके आहे: घरी चार्ज करूनही महिन्याला दीड हजारच वाचतात, आणि बाहेरच्या चार्जरवर अवलंबून राहिलात तर जवळपास काहीच नाही. घरी पार्किंग नसलेल्याने केवळ पैशासाठी इलेक्ट्रिक घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत.

हा हिशोब उलटतो तो छतावरच्या सोलरने. 3 किलोवॉटचे पॅनल आपल्याकडच्या उन्हात दिवसाला सरासरी 12 युनिटच्या आसपास देतात, म्हणजे रोज सत्तर किलोमीटर. पीएम सूर्यघर योजनेत एवढ्या क्षमतेला 78,000 रुपये अनुदान आहे. सोलर नसेल तर महावितरणच्या स्लॅबकडे लक्ष हवे. गाडीचे महिन्याचे 200 युनिट घरच्या युनिटांवर चढतात आणि वरच्या स्लॅबच्या दराने लागतात. 2024 मध्ये केंद्राने वीज ग्राहक हक्क नियमांत केलेल्या दुरुस्तीनंतर गाडीसाठी वेगळी जोडणी मागता येते. दोन्ही बिले मांडून बघा, मग ठरवा.

आता वायरिंग. 15 अँपिअरच्या सॉकेटवर तासाला साधारण 3 युनिट जातात. 45 युनिटची (म्हणजे 45 किलोवॉट-तासांची) बॅटरी 20 टक्क्यांवरून भरायला तेरा-चौदा तास लागतात. रोजच्या पन्नास-साठ किलोमीटरला एवढे पुरते. 7.2 किलोवॉटचा भिंतीवरचा चार्जर हेच काम सहा तासांत करतो, पण त्यासाठी मंजूर लोड वाढवावा लागतो आणि बऱ्याच घरांना थ्री फेज घ्यावे लागते. सॉकेटला मीटरपासून 4 चौरस मिमी तांब्याची स्वतंत्र वायर टाका, 7.2 च्या चार्जरला 6 चौरस मिमी. दोन्हींवर एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच. फ्रिज-गिझरच्या वायरवरून ओढलेले सॉकेट पहिले चार दिवस चालते. मग प्लगची पिन तपकिरी पडते आणि प्लास्टिक वितळल्याचा वास येतो, कारण गिझर वीस मिनिटांत बंद होतो, गाडी मात्र दहा तास सलग ओढते.

अर्थिंगची गोष्ट खास आपल्या मातीची आहे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते आणि रोध वाढतो. जानेवारीत बिनतक्रार चार्ज होणारी गाडी एप्रिलमध्ये लाल दिवा दाखवते. लोक चार्जर घेऊन सर्व्हिस सेंटर गाठतात, दोष असतो अंगणात. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज मोजून घ्या, तो दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. त्याहून जास्त भरला तर खड्ड्यात बादलीभर पाणी ओता आणि परत मोजा. आकडा उतरला तर कारण सापडले. उन्हाळाभर आठवड्याला पाणी घाला, किंवा केमिकल अर्थिंग करून घ्या. अर्थच्या जागी न्यूट्रलचा तुकडा जोडून दिवा हिरवा करून देणारेही भेटतात. त्यांना घराबाहेर काढा. न्यूट्रल तुटला की गाडीच्या पत्र्यात करंट उतरतो.

भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात 45 च्या पुढे जातो. बॅटरीला नुसत्या उन्हापेक्षा शंभर टक्के भरून उन्हात उभे राहणे जास्त बाधते. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी उष्णता बऱ्यापैकी सोसते. तिला आठवड्यातून एकदा शंभर टक्के भरावे म्हणजे टक्क्यांचा अंदाज बरोबर राहतो. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) असेल तर रोज 80 टक्क्यांना थांबवा. चार्जिंग पहाटे संपेल असे लावा, दुपारी पत्र्याच्या शेडखाली नको. बॅटरी द्रवाने थंड होणारी आहे का, हे लेखी विचारून घ्या. नुसत्या हवेवर निवणारी असेल तर ती या भागासाठी नको. सीएनजीला ही काळजी नाही, तिची दुखणी वेगळी: डिकी टाकीने भरलेली, लग्नसराईत पंपावर रांग, आणि दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रोटेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी.

लांबचा प्रवास. 45 युनिटच्या गाडीचे महामार्गावर भरवशाचे 230 किलोमीटर धरा, म्हणजे 15 टक्के शिल्लक राखून. जळगाव-संभाजीनगर निवांत होते. जळगाव-नाशिकला धुळे किंवा मालेगावला एकदा चार्जिंग. सुमारे 400 किलोमीटरच्या पुण्याला दोन थांबे धरा आणि दुसरा चार्जर बंद निघाला तर कुठे जायचे हे निघण्यापूर्वीच ठरवा. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना दीड-दोन युनिट जादा जातात, उतरताना निम्म्याहून अधिक परत मिळतात. मात्र कन्नडला गाडी शंभर टक्के भरून घाट उतरू नका. भरलेल्या बॅटरीत परत वीज घ्यायला जागाच नसते, गाडी मोटरने रोखली जात नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

आणि एक. गाडी बंद पडली म्हणून ट्रॅक्टरला दोर बांधून ओढायची आपली रीत इथे चालत नाही. चाके फिरली की मोटर वीज तयार करते आणि इलेक्ट्रॉनिक्स जळू शकते. गाडी वर चढवून नेणारा फ्लॅटबेड ट्रकच मागवा. गाडी सुरूच होत नसेल तर आधी साधी 12 व्होल्टची बॅटरी तपासा. मोठी बॅटरी भरलेली असूनही ही छोटी बसली की दरवाजेसुद्धा धड उघडत नाहीत.

आता ‘स्वतः चालणारी’. गाडी किती स्वतः चालते हे शून्य ते पाच अशा पातळ्यांत मोजतात. त्या मापात आपल्याकडे विक्रीत असलेल्या गाड्या फार तर पातळी दोनवर आहेत. काचेमागचा कॅमेरा आणि बंपरमधला रडार मिळून ब्रेक मारतात, अंतर राखतात, गाडी रस्त्यावरच्या पट्ट्यांमध्ये ठेवतात. जबाबदारी पूर्ण तुमची. चालकविरहित गाड्या भारतात येऊ देणार नाही, असे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी जाहीरपणे सांगितले आहे. अमेरिकेत फिनिक्स, सॅन फ्रान्सिस्कोत बिनचालकाच्या टॅक्सी धावतात, पण आखून दिलेल्या हद्दीतच. मार्च 2018 मध्ये अ‍ॅरिझोनातल्या टेम्पे शहरात चाचणीतल्या अशा गाडीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या बाईला उडवले. झेब्रा क्रॉसिंग सोडूनही माणूस रस्ता ओलांडतो, हे त्या यंत्रणेला शिकवलेलेच नव्हते. आपल्याकडे पारोळा, एरंडोलच्या आसपास किती जण झेब्रावरून ओलांडतात ते तुम्ही जाणता.

महामार्गावर ही साधने कुठे फसतात ते बघा. पऱ्हाट्यांनी भरलेली, मागे रिफ्लेक्टर नसलेली बैलगाडी संध्याकाळी कॅमेऱ्याला उशिरा कळते. उभे वाहन रडार कधी कधी रस्त्याकडेचा खांब समजून सोडून देतो. खड्डा चुकवायला तुम्ही पट्टी ओलांडता, तेव्हा स्टिअरिंग तुम्हाला परत खड्ड्याकडे ओढते. पुढच्या गाडीशी अंतर राखत वेग सांभाळणारा क्रूझ कंट्रोल पुढे जागा सोडतो, त्या जागेत रिक्षा घुसते, गाडी कचकन ब्रेक मारते, आणि मागे केळीचा ट्रक असतो. काच बदलली की कॅमेरा पुन्हा कॅलिब्रेट करावा, म्हणजे मोजून जुळवून घ्यावा लागतो. हे न करता गाडी परत देणारी गॅरेजेस आहेत.

तरीही आपोआप ब्रेक आणि आंधळ्या कोनाचा (आरशात न दिसणाऱ्या वाहनाचा) इशारा हे दोन घ्यावेत. पट्टी धरून ठेवणाऱ्या सोयीसाठी वरच्या मॉडेलचे लाखभर जास्त देऊ नयेत. ट्रायल घेताना धुळ्याचा चौपदरी रस्ता पुरेसा नाही. गाडी यावल किंवा शिरपूरच्या आतल्या रस्त्यावर दिवेलागणीला न्या आणि पट्टी राखणारे साधन किती वेळा चुकीचे खेचते ते मोजा. ते एका बटणाने बंद होते का आणि गाडी पुन्हा सुरू केल्यावर आपोआप चालू होते का, हेही तिथेच बघून घ्या.