गाडी विमानतळावर ठेवली, ती अलिबागला जाऊन आली

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा हा रस्ता पूर्ण झाला, तेव्हापासून आमच्या जालन्यातून सकाळी गाडी काढून दुपारपर्यंत मुंबईत पोहोचणे नवलाचे राहिलेले नाही. त्यामुळे उन्हाळी सुटीचे बेतही बदलले आहेत. बरीच कुटुंबे स्वतःच्या गाडीने मुंबई गाठतात, गाडी विमानतळाजवळ ठेवतात आणि पुढचा प्रवास विमानाने करतात. गाडी ठेवण्याच्या या मधल्या पायरीवर या उन्हाळ्यात आमची जी फसवणूक झाली, ती येथे सविस्तर लिहीत आहे, कारण तिच्यातली एकेक गोष्ट वरवर पाहता अगदी रीतसर दिसत होती.

माझी धाकटी बहीण बंगळुरूला असते. मे महिन्यात जालन्यात दुपारी घराबाहेर पडवत नाही आणि बंगळुरूची हवा तेव्हाही सोसण्यासारखी असते, म्हणून आई, पत्नी आणि दोन्ही मुलांसह तिच्याकडे जायचे ठरले. चिकलठाणा विमानतळावरून सोयीचे तिकीट मिळाले नाही. मुंबईपर्यंत वंदे भारतने जाता आले असते, पण परतीचे विमान मुंबईत रात्री उतरणार होते आणि गुडघ्यांचा त्रास असलेल्या आईला घेऊन, सामानासह, सकाळच्या गाडीची वाट पाहत फलाटावर रात्र काढणे शक्य नव्हते. कल्याणला साडूंकडे गाडी ठेवावी, तर त्यांच्या सोसायटीत पाहुण्यांच्या गाड्या रात्री आत राहू देत नाहीत. राहिला तो विमानतळावरील पार्किंगचा पर्याय.

मुंबईच्या टर्मिनल दोनला स्वतःची बहुमजली पार्किंग इमारत आहे. तिचे दर तासांवर आणि दिवसांवर आकारले जातात, आणि आठवडाभराहून अधिक मुक्कामाचा हिशेब केला की आकडा फुगतो. नेमक्या या आकड्याला घाबरलेल्या माणसासाठी गळ टाकलेला असतो. मोबाइलवर ‘मुंबई विमानतळ पार्किंग’ असे शोधल्यावर सर्वांत वर जो दुवा आला तो जाहिरातीचा होता. पानावर टर्मिनलचे मोठे छायाचित्र होते, नावात ‘एअरपोर्ट’ आणि ‘ऑफिशियल’ हे दोन्ही शब्द होते आणि दर होता दिवसाला २५० रुपये. मी दिलेल्या क्रमांकावर फोन केला. बोलणारा माणूस शुद्ध मराठीत, अदबीने बोलत होता. गाडी कोठे उभी राहील, असे मी विचारले. “मरोळला आपलं बंदिस्त यार्ड आहे साहेब, चोवीस तास सीसीटीव्ही आहे,” असे उत्तर मिळाले. मी पत्ता मागितला, तेव्हा व्हॉट्सॲपवर पत्र्याच्या शेडखाली ओळीने उभ्या असलेल्या गाड्यांचे छायाचित्र आणि नकाशावरची एक खूण आली. ती खूण मरोळमधील एका मोठ्या रस्त्याची होती, एखाद्या फाटकाची किंवा इमारतीची नव्हती.

त्यानंतर त्यांनी तिकिटाचा फोटो मागितला. विमान उशिरा आले तर माणूस वेळेवर पाठवता यावा, असे कारण दिले, आणि ते पटण्यासारखे होते. मात्र त्या फोटोतून आम्ही कोणत्या दिवशी, कोणत्या तासापर्यंत परतणार नाही, हे त्यांना नेमके कळले. अर्धी रक्कम यूपीआयने आगाऊ घेतली गेली. पैसे पाठवताना ॲपवर संस्थेचे नाव न येता एका व्यक्तीचे नाव आले; विचारल्यावर “ते आमचे अकाउंटंट आहेत,” असे सांगण्यात आले.

ठरल्या वेळी टर्मिनल दोनच्या वरच्या मजल्यावर, जेथे प्रवाशांना सोडतात तेथे, चमकत्या पट्ट्यांचे जाकीट घातलेला एक तरुण उभा होता. गळ्यात ओळखपत्र होते, पण ते उलटे लटकत होते. त्या ठिकाणी गाडी फार वेळ उभी करू देत नाहीत, मागून हॉर्न वाजत असतात, सुरक्षारक्षक पुढे चला म्हणत असतो. आणि ही सगळी घाई या लोकांच्या पथ्यावर पडते. आईला उतरवून चाकाची खुर्ची मिळवेपर्यंत त्याने गाडीचे पुढून दोन फोटो काढले, एक पावती माझ्या हातात दिली आणि किल्ली घेतली. पावतीवर जीएसटी क्रमांक नव्हता, पत्ता नव्हता आणि किलोमीटरची नोंदही नव्हती. खाली बारीक अक्षरांत छापले होते की वाहनाच्या नुकसानीस अथवा आतील वस्तूंस कंपनी जबाबदार राहणार नाही.

एक गोष्ट मात्र माझ्याकडे होती. प्रत्येक वेळी इंधन भरल्यावर किलोमीटरच्या काट्याचा फोटो काढून ठेवायची मला जुनी सवय आहे. घरात यावरून माझी थट्टा होते. शहरात शिरण्यापूर्वीच्या पंपावर टाकी भरली होती, त्यामुळे तारीख आणि वेळ असलेला फोटो मोबाइलमध्ये होता.

बंगळुरूतले पहिले दिवस सुखाचे गेले. मग एका सकाळी लालबागेत मुले काचघर पाहत असताना फास्टॅगचा संदेश आला. अटल सेतूवर माझ्या गाडीच्या टॅगमधून २५० रुपये कापले गेले होते आणि वेळ मध्यरात्रीनंतरची होती. अटल सेतू शिवडीहून समुद्रावरून नवी मुंबईकडे जातो. मरोळच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या गाडीला त्यावर जाण्याचे काही कारण नव्हते. मी फोन केला. “यार्डात साफसफाई होती साहेब, दुसऱ्या यार्डात हलवली,” असे उत्तर आले. दुसरे यार्ड कोठे, हे विचारताच फोन कटला, आणि थोड्या वेळाने व्हॉट्सॲपवर शेडचे एक छायाचित्र आले, ज्यात गाड्यांचे क्रमांक दिसत नव्हते. दोन दिवसांनी पुन्हा पथकराचा संदेश आला, आणि त्यापाठोपाठ वाहतूक पोलिसांचे ई-चलन : नो पार्किंग, ५०० रुपये, ठिकाण अलिबाग. चलनासोबतच्या छायाचित्रात आमची गाडी समुद्रकिनाऱ्याजवळच्या रस्त्याला उभी होती आणि मागच्या काचेवरची जालन्याच्या शोरूमची पट्टी स्पष्ट वाचता येत होती. थोडक्यात, आम्ही बंगळुरूला आणि आमची गाडी अलिबागला, अशी दोघांचीही सुटी चालू होती.

परतीच्या रात्री विमान वेळेवर उतरले, पण गाडी पाऊण तासाने आली. आणणारा माणूस वेगळा होता. त्याने किल्ली हातात ठेवूनच उरलेल्या रकमेखेरीज ‘टर्मिनल एन्ट्री’, ‘रात्रीचा चार्ज’ आणि ‘यार्ड बदल’ असे तीन आकार सांगितले, ज्यांची बेरीज मूळ भाड्याहून जास्त होती. रात्रीचा एक वाजला होता, आई खुर्चीत बसून होती, धाकटा मुलगा सामानावर झोपला होता. ही वेळ त्यांनी मुद्दाम निवडलेली नसली, तरी तिचा उपयोग त्यांना पुरेपूर माहीत होता. मी ई-चलनाचा फोटो त्याच्यासमोर धरला आणि शेजारी उभ्या असलेल्या सुरक्षारक्षकाला हाक मारली, तेव्हा तिन्ही आकार एका दमात रद्द झाले, आणि उरलेले पैसेही न घेता, किल्ली गाडीच्या टपावर ठेवून तो माणूस दोन गाड्यांच्या मधून निघून गेला.

आम्ही रात्र कल्याणला साडूंकडे काढली आणि सकाळी गाडी नीट पाहिली. काट्यावर चारशेहून अधिक किलोमीटर वाढले होते. भरलेली टाकी लाल रेषेला टेकली होती. चालकाची खुर्ची पार मागे सरकवलेली होती. मागच्या मॅटखाली वाळू होती. ओंजळीत घेण्याइतकी, काळपट, तीत शिंपल्याचे बारीक तुकडे. डिकीतली न वापरलेली स्टेपनी जाऊन तिच्या जागी घासून गुळगुळीत झालेले टायर आले होते आणि जॅक नाहीसा झाला होता. सगळ्यांत बोलका पुरावा डॅशबोर्डच्या कप्प्यात, गाडीच्या कागदपत्रांत अडकून राहिला होता : वहीतून फाडलेल्या चिठोऱ्यावर गाडीच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, निघतानाचे किलोमीटर, परततानाचे किलोमीटर, आणि त्याखाली ‘डिपॉझिट ५०००’. आमची गाडी कोणा नातेवाइकाने हौसेने फिरवलेली नव्हती. ती भाड्याने दिली गेली होती, असाच त्या चिठोऱ्याचा अर्थ होतो.

हा धंदा कसा चालतो, हे मग लक्षात आले. या लोकांकडे बहुधा यार्डच नसते. गाड्या गल्ल्यांत, उड्डाणपुलांखाली किंवा कोणाच्या मोकळ्या जागेत उभ्या राहतात, आणि मालक किती दिवस येणार नाही हे तिकिटावरून ठाऊक असल्याने त्यातल्या चांगल्या गाड्या सुटीच्या गर्दीत फिरायला निघालेल्यांना भाड्याने जातात. मालकाकडून पार्किंगचे पैसे, भाडेकरूकडून भाड्याचे. धोका मात्र सगळा मालकाचा. त्या दिवसांत गाडीने कोणाला उडवले असते, तर पोलीस क्रमांकावरून थेट माझ्या दारात आले असते. आणि खासगी गाडी भाड्याने चालवली जात होती असे दिसताच विमा कंपनीने हात वर केले असते. याशिवाय गाडीच्या कागदपत्रांवर घराचा पत्ता होता. घराच्या किल्ल्या त्याच जुडग्यात ठेवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. आमच्या सुदैवाने पत्नीने त्या निघतानाच वेगळ्या काढल्या होत्या. नाहीतर रिकाम्या घराचा पत्ता, किल्ली आणि परतण्याची तारीख या तिन्ही गोष्टी अनोळखी माणसाच्या हातात एकत्र पडल्या असत्या.

त्याच दिवशी मी मुंबईतील एका पोलीस चौकीत गेलो. तेथील हवालदारांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “गाडी मिळाली ना परत?” प्रश्नात तिरकसपणा नव्हता, गाड्या परत न मिळालेली माणसे त्यांच्यापुढे रोज येत असावीत. पण गाडी परत मिळाली म्हणून गुन्हा संपत नाही. करार कायदा १८७२ चा आहे आणि त्याचे कलम १५४ सांगते की ठेवायला दिलेली वस्तू ठरलेल्या अटींबाहेर वापरली, तर वापरामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई ठेवून घेणाऱ्याने द्यावी. विश्वासाने सोपवलेल्या वस्तूचा अपहार आणि फसवणूक यांसाठी भारतीय न्याय संहितेत अनुक्रमे ३१६ आणि ३१८ ही कलमे आहेत. पावतीवरच्या ‘जबाबदार नाही’ या ओळीने पुष्कळ जण गप्प बसतात, म्हणून एक निकाल सांगतो. दिल्लीतील एका पंचतारांकित हॉटेलच्या कर्मचाऱ्याकडे किल्ली देऊन ठेवलेली गाडी १९९८ मध्ये चोरीला गेली होती. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये असे ठरवले की किल्ली ताब्यात घेतल्यावर, पावतीवर ‘मालकाच्या जबाबदारीवर’ असे छापून, निष्काळजीपणाची जबाबदारी झटकता येत नाही.

तक्रार कोठे करावी, यात माझे दोन दिवस गेले, म्हणून तेही लिहितो. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यात जाण्यापूर्वी ती रोखण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. गुन्हा मुंबईत घडला तरी नोंदवण्यासाठी मुंबईतच थांबावे लागत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्दीचा विचार न करता कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते आणि ती पुढे योग्य ठाण्याकडे पाठवली जाते. मी जालन्यात परतल्यावर तसेच केले. सोबत काट्याचा फोटो, फास्टॅगचे विवरण, ई-चलन, यूपीआयची नोंद आणि ते चिठोरे दिले. ग्राहक म्हणून तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय क्रमांक आहे.

ज्यांना अशी गाडी ठेवायची आहे, त्यांनी विमानतळाच्या अधिकृत संकेतस्थळावर दिलेल्या पार्किंगमध्येच ती ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे, जरी ते महाग पडले तरी. मुंबईत टर्मिनल एक आणि दोन वेगवेगळ्या ठिकाणी आहेत, आणि डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचे विमानतळही सुरू झाले आहे, तेव्हा तिकिटावरचे विमानतळ आणि टर्मिनल पाहूनच जागा ठरवावी. खासगी जागा घ्यायचीच असेल, तर स्वतः गाडी चालवत तेथपर्यंत जाऊन, ती ज्या खांबाजवळ उभी राहणार तो खांब पाहूनच उतरावे. “आमचा माणूस येऊन गाडी घेऊन जाईल” असे जेथे म्हणतात, तेथे जागा दाखवण्याची तयारी आहे का, हे आधी विचारावे. आमच्या माणसाने ती एकदाही दाखवली नाही. गाडीचा आतून-बाहेरून, डिकी आणि स्टेपनीसह, व्हिडिओ काढावा. फास्टॅगचे संदेश चालू ठेवावेत. मी बंगळुरूत असतानाच टॅग बंद करवून घेण्याचा विचार केला होता, पण तो चालू राहिला म्हणूनच गाडी कोठे फिरली याचा माग मिळाला, आणि एवढ्या पुराव्यापुढे पथकरात गेलेले पैसे स्वस्तच म्हणायचे.

स्टेपनी नवी घ्यावी लागली. आगाऊ दिलेली रक्कम परत मिळालेली नाही. अलिबागच्या चलनावर मी ऑनलाइन हरकत नोंदवली आहे आणि सोबत बंगळुरूला जाण्या-येण्याचे बोर्डिंग पास व पोलिसांकडील तक्रारीची प्रत जोडली आहे. संकेतस्थळावर ते चलन अद्याप माझ्याच नावावर ‘प्रलंबित’ असे दिसते.