तपकिरी, गुलाबी आणि स्पिरिटचा डबा

आषाढात आमच्या ऑपरेशन थिएटरात, म्हणजे ओटीत, एसी चालू असूनही भिंतीला हात लावला की ओल लागते. अशा हवेत पेशंटच्या पोटावर तपकिरी पोव्हिडोन आयोडीन, म्हणजे चिरण्याआधी कातडीवरचे जंतू मारायचं औषध, लावलं की ते वाळता वाळत नाही. सर्जन हात वर धरून उभे, भूलतज्ज्ञ घड्याळाकडे बघतायत, आणि मग कुणीतरी म्हणतं, "ब्रदर, टिपून घ्या आणि ड्रेप टाका." ब्रदर म्हणजे मी, आणि ड्रेप म्हणजे पेशंटवर टाकायची निर्जंतुक चादर. सिंधुदुर्गातल्या लहान हॉस्पिटलांच्या ओटीत एकोणीस वर्षं काढली, पण हे वाक्य मला अजून खटकतं. दहा टक्क्यांच्या द्रावणात मोकळं मिळणारं आयोडीन असतं साधारण एक टक्का, आणि तेही हळूहळू सुटतं. वाळायला लागतो तोच जंतू मारायचा वेळ. टिपलंत म्हणजे कामावर आलेल्या माणसाला हजेरी लावून घरी पाठवलंत.

यंदा डॉक्टरांनी खरेदीची यादी माझ्यासमोर टाकली आणि कातडीवरचे जंतू मारायला कुठली बाटली मागवू म्हणून विचारलं. त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितोय.

आमच्याकडची दुसरी बाटली गुलाबी. क्लोरहेक्सिडीन हे दुसरं जंतुनाशक दोन टक्के, सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये. आमचा मेडिकलवाला तिचे तपकिरीपेक्षा जवळजवळ दुप्पट पैसे लावतो. पण अल्कोहोल लागल्या लागल्या जंतू मारायला घेतं, आणि ते उडून गेल्यावरही क्लोरहेक्सिडीन कातडीला धरून राहतं, पुढे कित्येक तास. रक्त लागलं म्हणून आयोडीनसारखं ढेपाळत नाही. वाळते पटकन, अगदी आमच्या पावसातही.

पटकन वाळते म्हणून लगेच कॉटरी, म्हणजे विजेने रक्त थांबवायचं यंत्र, चालवायची नाही. मी घड्याळ लावून पूर्ण तीन मिनिटं थांबतो. नाभीत गॉजचा बोळा आधीच ठेवतो, कारण तिथे तळं साचतं. कमरेखाली ओघळलेलं दिसलं तर चादर बदलतो. केसाळ छाती असेल तर तीन मिनिटंही पुरत नाहीत. हे अल्कोहोल आहे, ठिणगी पडली तर पेटतं, आणि ड्रेपखाली पेटलेली निळसर ज्योत दिव्याच्या उजेडात दिसतही नाही. घाईच्या सर्जनसाठी ही बाटली नव्हे.

तिची आणखी एक खोड धुलाईच्या मावशींनी मला शिकवली. गुलाबी बाटली आली तसे चादरींवर तपकिरी डाग पडायला लागले, आणि मावशी ब्लीच घालून घासायच्या तितके ते गडद व्हायचे. मला वाटलं आयोडीनचेच असणार. तसं नव्हतं. क्लोरहेक्सिडीन आणि क्लोरीनचं ब्लीच एकत्र आलं की असला डाग बसतो, आणि बसला की बसला. आता त्या चादरी ब्लीचविना धुतात.

मग तपकिरी बंद करायची का? मुळीच नाही. डोळ्याला क्लोरहेक्सिडीन लावायचं नाही. मोतीबिंदूच्या आधी थेंब टाकतात ते पाच टक्के पोव्हिडोन आयोडीनचेच. कानाचा पडदा फाटलेला असेल तर मधल्या कानात क्लोरहेक्सिडीन गेल्यावर ऐकू येणं जाऊ शकतं. मेंदू आणि मज्जारज्जूच्या आवरणापर्यंतही ते पोचू द्यायचं नाही. योनीमार्गासारख्या आतल्या ओलसर, नाजूक कातडीवर अल्कोहोल तर पेशंट टेबलावरून उडी मारेल. उलट बाजूने, अगदी तान्ह्या बाळाच्या अंगाला आयोडीन फासू नये, ते कातडीतून शोषलं जाऊन थायरॉइडला त्रास देतं.

तपकिरीचा आणखी एक गुण म्हणजे कुठे लावलं आणि कुठे राहिलं ते लांबूनही दिसतं. रंग नसलेलं क्लोरहेक्सिडीन मिळतं, ते मी घेत नाही.

आमच्या किनारपट्टीवर आयोडीनबद्दल एक गैरसमज घट्ट बसलाय. मालवणकडच्या एक आजी हर्नियासाठी आल्या होत्या. मी आयोडीनची वाटी उघडतोय तोच म्हणाल्या, "माका सुंगटां चलनत नाय, तां आयोडीन लावू नको रे बाबा." सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, ॲलर्जी होते ती त्यातल्या प्रथिनामुळे. आयोडीनचा तिथे संबंध नाही. आजींना हे सांगितलं, आधी कधी तपकिरी औषध लावून पुरळ आलं होतं का तेही विचारलं, आणि लावलं. काही झालं नाही. मात्र क्लोरहेक्सिडीनची ॲलर्जी क्वचित असली तरी असते, आणि जोरदार असू शकते. तो प्रश्न कुणी विचारतच नाही.

आता डॉक्टरांचा आवडता मुद्दा, अभ्यास. २०१० साली अमेरिकेतल्या ८४९ पेशंटांवर चाचणी झाली होती. क्लोरहेक्सिडीन-अल्कोहोल लावलेल्यांत ९.५ टक्क्यांची जखम पिकली, आयोडीन लावलेल्यांत १६.१ टक्क्यांची. कंपनीचा माणूस येतो तो हा आकडा पाठ करून. पण ते आयोडीन पाण्यातलं होतं, म्हणजे एका पैलवानाला भाला दिला आणि दुसऱ्याला काठी. २०२४ साली स्वित्झर्लंडमध्ये दोघांनाही अल्कोहोल दिलं तेव्हा ३३६० पेशंटांत जवळजवळ बरोबरी सुटली, जखम पिकलेले आयोडीनवाले ५.१ टक्के आणि क्लोरहेक्सिडीनवाले ५.५ टक्के. आणि २०२१ साली भारतासह सात देशांत ५७८८ पेशंटांवर पोटाच्या शस्त्रक्रियेत पाण्यातलं आयोडीनच अल्कोहोलवाल्या क्लोरहेक्सिडीनपुढे उभं केलं, तरीही ठळक फरक दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २०१६ पासूनची शिफारस क्लोरहेक्सिडीन-अल्कोहोलची आहे, आणि माझाही हात आधी तिकडेच जातो. पण पिकलेली प्रत्येक जखम बाटलीच्या माथी मारू नका, एवढं मी डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं.

खरा वैताग ओपीडीतल्या स्टीलच्या डब्याचा. सकाळी कापसाचे बोळे करायचे, वर स्पिरिट ओतायचं, आणि दिवसभर जो येईल त्याने त्यात बोटं घालायची. झाकण कायम उघडं, म्हणजे अल्कोहोल उडून दुपारपर्यंत ओला कापूस तेवढा उरतो. बोळे असे भिजवून ठेवू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने इंजेक्शनच्या सूचनांत स्पष्ट लिहिलंय. कोरडा बोळा घ्या, त्या वेळी त्यावर स्पिरिट टाका, तीस सेकंद पुसा, तीस सेकंद वाळू द्या. फुंकर मारू नका, हे सिस्टर लोकांना मी दर आठवड्याला सांगतो.

शेवटी यादी अशी गेली: पोटाच्या आणि सिझरच्या टेबलासाठी गुलाबी, डोळे आणि योनीमार्गासाठी तपकिरी, दोन्ही लहान बाटल्यांत, म्हणजे उघडलेली फार दिवस पडून राहणार नाही आणि मोठ्या कॅनमधून जुन्या बाटलीत ओतणं बंद. स्पिरिट शंभर मिलीचं, फ्लिप झाकणाचं. स्टीलचा डबा मी घासून घेतला. आता त्यात कपाटांच्या किल्ल्या असतात.