पेरूगेटजवळची काकूंची मेस, दोन वर्षं जेवल्यावर लिहितोय

परभणीवरून राज्यसेवेच्या तयारीला पुण्यात आलो तेव्हा पहिले सहा महिने मी नुसता या शहरावर चिडलेलो होतो. कॉट बेसिसवर एका खोलीत पाच जण, सकाळी बाथरूमला नंबर, आधीच्या घरमालकाने डिपॉझिट बुडवलं, आणि मधेच कळलं की 2025 पासून मेन्स (मुख्य परीक्षा) वर्णनात्मक, पर्याय निवडायचे नाहीत तर उत्तरं लिहायची, म्हणजे सगळे नोट्स पुन्हा पहिल्यापासून. त्यात एकवेळ वडापाववर. मग रूममेट हाताला धरून इथे घेऊन आला.

मेस दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद, चौदाच जण बसतात त्यामुळे साडेबारा ते दीड जिन्यातच लाईन लागते. दोन्ही वेळचे महिना 3400. चार पोळ्या, एक सुकी एक रस्सा, वरण-भात, बुधवारी पिठलं-भाकरी आणि ठेचा अगदी आमच्याकडच्यासारखा झणझणीत. रविवारी दुपारी फीस्ट, संध्याकाळी बंद. खाडा, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे वजा, सलग तीन दिवस असेल तरच धरतात, आदल्या रात्री सांगायचं, काकू कॅलेंडरवर स्वतः पेनने गोल करतात. बटाटा जरा जास्तच होतो आणि मे महिन्यात एका पंख्यावर बसवत नाही हे खरंय.

25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून पाणी सोडलं, भिडे पूल पाण्याखाली, सिंहगड रोडला लोकांच्या घरात पाणी, त्या दिवशी पोळ्यावाल्या मावशी येऊच शकल्या नाहीत. काकूंनी एकटीने खिचडी टाकली आणि मेस चालू ठेवली, आम्ही चौघांनी पाळीपाळीने वाढलं. मला वाटतं त्या दिवसापासून माझं रडगाणं थांबलं. गर्दी तीच आहे, भाडं तर वाढलंच, पण आता ते धरूनच दिवसाचं गणित बसवतो, सकाळी सहाला अभ्यासिका, एकला जेवण, परत अभ्यासिका.

प्रीलिम्सच्या लिस्टमध्ये नंबर नव्हता त्या रात्री दोन पोळ्यांवर उठत होतो. काकूंनी निकालाचं काही विचारलं नाही, तिसरी पोळी ताटात टाकली आणि म्हणाल्या, "उद्याचा खाडा धरणार नाही हं मी, यायचं."

गेलो. अजूनही जातोय. कुणाला लावायची असेल तर महिनाअखेरीला जा, तेव्हा जागा होतात, आणि शंभर-दोनशे कमी करा म्हणून घासाघीस करू नका प्लीज.